जीपचे पुनरागमन : विलीज ते थार आणि यवतमाळ जिल्ह्याचा रस्ता

प्रस्तावना

यंत्राचा इतिहास लिहिताना शोध, उत्पादन आणि विक्री या तीन बाबींना महत्त्व दिले जाते. ते यंत्र कोणी वापरले, कोणत्या रस्त्यावर वापरले आणि त्यात बसण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न बहुधा मागे राहतात. महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १५ ऑगस्ट २०२० रोजी नव्या 'थार' गाडीचे अनावरण केले आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी ती विक्रीस आणली. त्या वेळी तिचे वर्णन जुन्या जीपचे आधुनिक पुनरागमन असे झाले. समोरची उभ्या फटींची जाळी, गोल दिवे, सपाट बाजू आणि चाकांवरचे उठावदार पंख यांवरून जीपची आठवण होणे स्वाभाविक होते. तथापि, पुनरागमन नेमके कशाचे झाले, हे तपासून पाहणे आवश्यक आहे. आकार परत आला, हे उघड आहे. त्या आकाराने जे काम केले तेही परत आले काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या तपासणीसाठी यवतमाळ जिल्ह्याचा संदर्भ घेतला आहे. सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, सोळा तालुक्यांचा, उत्तर व पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा या नद्यांनी वेढलेला हा जिल्हा प्रामुख्याने कापसाचा आणि काळ्या मातीचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांहून अधिक होती आणि चारांपैकी तीनांहून अधिक माणसे खेड्यांत राहत होती. वणीच्या बाजूने मोठी रेल्वे असली, तरी जिल्ह्याच्या मुख्यालयाला विसाव्या शतकात लाभली ती १९०३ मध्ये सुरू झालेली यवतमाळ–मूर्तिजापूर ही नॅरोगेज 'शकुंतला'च. तिचा हेतू कापूस बाहेर नेणे हा होता, आणि ती कासवगतीने धावत असे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा–कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. अशा जिल्ह्यात चार चाकांचे साधे, कणखर वाहन ही चैन नव्हती. म्हणूनच जीपच्या इतिहासाची मोजपट्टी म्हणून हा जिल्हा योग्य ठरतो.

रणांगणातून माझगावपर्यंत

१९४० मध्ये अमेरिकी लष्कराने टेहळणीसाठी हलक्या वजनाच्या, चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या वाहनाची मागणी नोंदवली. पेनसिल्व्हेनियातील 'अमेरिकन बँटम' या लहान कंपनीने अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना तयार करून त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लष्कराच्या हवाली केला. परंतु बँटमची उत्पादनक्षमता अपुरी होती. परिणामी मोठी कंत्राटे ओहायोतील टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांना मिळाली. युद्ध संपेपर्यंत या दोघींनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या बनवल्या. जीपच्या जन्मकथेत बँटमचे नाव आज अभ्यासकांपुरतेच उरले आहे. ज्याने प्रथम घडवले त्याच्याकडे नाव राहत नाही, हा प्रकार या गाडीच्या इतिहासात पुढेही घडणार होता.

युद्ध संपल्यावर विलीजने हीच गाडी नागरी वापरासाठी आणली. १९४५ च्या 'सीजे-२ए' या नमुन्याला मागे उघडणारी फळी होती, दिवे मोठे होते आणि समोरच्या जाळीला सात फटी होत्या. कंपनीने ती शेतकऱ्यांपुढे मांडली. नांगर ओढणे, अवजारांना यंत्रशक्ती पुरवणे, माल बाजारात नेणे अशी कामे ती करू शकेल, असा दावा होता. म्हणजे जीपचे पहिले 'पुनरागमन' युद्धाकडून शेताकडे झाले होते आणि ते उपयोगाच्या नावाने झाले होते. ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

भारतात ही गाडी आली ती एका पोलादव्यापारी संस्थेमार्फत. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियाना येथे 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने ही संस्था स्थापन झाली. जे. सी. महिंद्र आणि के. सी. महिंद्र या बंधूंबरोबर मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे भागीदार होते. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये संस्थेचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' असे बदलण्यात आले. विलीजशी झालेल्या व्यवहारातून सुटे भाग आयात करून मुंबईत माझगाव येथे जीपची जुळणी सुरू झाली. कंपनी स्वतः आपल्या या परंपरेची गणना १९४९ पासून करते. १९५४ पासून टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष उत्पादनास प्रारंभ झाला. याच सुमारास जीप हा शब्द भारतीय राजकारणात वेगळ्याच कारणाने गाजत होता. काश्मीर युद्धाच्या वेळी ब्रिटनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी केलेल्या जीप खरेदीचे प्रकरण १९४८ नंतर अनेक वर्षे संसदेत गाजले. १९५५ मध्ये सरकारने ते मिटल्याचे जाहीर केले. स्वतंत्र भारतातील पहिला मोठा खरेदीघोटाळा जीपच्या नावाने ओळखला जावा, यावरून त्या काळातील शासनव्यवहारात या वाहनाला किती मध्यवर्ती स्थान होते, हे ध्यानात येते.

भारतात दीर्घकाळ टिकलेला नमुना म्हणजे 'सीजे-३बी'. विलीजने तो १९५३ मध्ये आणला. नवे, उंच इंजिन बसवण्यासाठी बॉनेट उचलावे लागल्यामुळे तिचा चेहरा काहीसा उंच कपाळाचा दिसतो. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र तिचा सांगाडा आणि चेहरा, इंजिने बदलत, त्यानंतर अनेक दशके चालू राहिला. त्यामुळे भारतातील 'जुनी जीप' हा पाश्चात्त्य अर्थाने जपलेला जुना ठेवा नव्हता. ती कधी बंदच पडली नव्हती. पुनरुज्जीवनाविषयी बोलताना हा भेद सहसा विसरला जातो.

विकासगटाची जीप

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवेची त्याला जोड मिळाली. गावांचे गट पाडून प्रत्येक गटासाठी अधिकारी नेमण्यात आले. या अधिकाऱ्याच्या कार्यालयाबरोबर जीप आली. शेती, पशुसंवर्धन, सहकार, आरोग्य अशा विषयांचे विस्तार अधिकारी एकाच वाहनातून गावोगाव जातील, अशी मूळ कल्पना होती. यवतमाळ जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली, तरी गटाची जीप तीच राहिली.

महाराष्ट्राच्या निर्मितीनंतर लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी १९६० मध्ये समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष तत्कालीन महसूलमंत्री वसंतराव नाईक होते, आणि ते याच जिल्ह्यातील, पुसद तालुक्यातील गहुली या गावचे. समितीच्या १९६१ मधील अहवालाच्या आधारे कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. गटविकास अधिकारी हा ग्रामीण प्रशासनातील सर्वांत परिचित अधिकारी ठरला आणि 'बीडीओसाहेबांची जीप' हे त्याचे दृश्य रूप. १९६३ ते १९७५ या काळात नाईक मुख्यमंत्री होते. संकरित बियाण्यांचा प्रसार, १९७२ चा दुष्काळ, दुष्काळी कामांवरील पाहणी, कुटुंबनियोजनाच्या मोहिमा, हिवताप निर्मूलन अशा प्रत्येक शासकीय उपक्रमात गावाच्या वेशीवर प्रथम दिसे ती जीप.

या जीपचे मूल्यमापन एकाच रंगात करता येत नाही. शासनयंत्रणा प्रथमच नियमितपणे खेड्यापर्यंत पोहोचली, यात तिचा वाटा निर्विवाद आहे. झरी, मारेगाव, घाटंजी, केळापूर या भागांतील कोलाम व गोंड वस्त्यांपर्यंत लस, औषध किंवा पंचनामा पोहोचायचा तर पायवाट, बंडी किंवा जीप एवढेच पर्याय होते. दुसऱ्या बाजूने, जीप हे अंतराचेही साधन होते. ज्या अधिकाऱ्याने गावात मुक्काम करून लोकांमध्ये मिसळावे अशी अपेक्षा होती, तो जीपमुळे सकाळी येऊन संध्याकाळी तालुक्याला परतू लागला. मुक्कामी दौऱ्याची जुनी महसुली पद्धत मागे पडली. विकासाच्या वाहनाने विकासाच्या अधिकाऱ्याला गावातून लवकर बाहेर काढले, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. मराठीतही याच्या खुणा आहेत. गाडी कोणाची हे सांगितल्याशिवाय 'जीप' हा शब्द फारसा वापरला जात नसे. ती साहेबांची असे, फौजदाराची असे, निवडणुकीत पक्षाची असे. सामान्य माणूस तिच्यात बसे तो बहुधा त्याला नेण्यात येत असे म्हणून.

डिझेल, पाटे आणि समोरासमोरची बाके

सामान्य माणूस स्वतः भाडे देऊन जीपमध्ये बसू लागला, हा या इतिहासातील खरा वळणबिंदू आहे. हे घडले ते डिझेलमुळे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलची जीप चालवणे महाग झाले. कंपनीकडे ट्रॅक्टरनिर्मितीचा अनुभव होता आणि ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनावर आधारित इंजिन जीपमध्ये बसवण्यात आले. आवाज मोठा, वेग कमी, पण खर्च थोडा. कापूसपट्ट्यातील शेतकऱ्याला आणि तालुक्याच्या मिस्त्रीला हे इंजिन ओळखीचे होते, ही त्याची जमेची बाजू. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी करार होऊन हलकी डिझेल इंजिने आली. ती इगतपुरी येथे बनू लागली. १९८१ मध्ये नाशिकचा कारखाना सुरू झाला. 'एमएम ५४०', पुढे 'कमांडर', 'मार्शल' अशी नावे बदलत गेली, मागचा भाग लांबत गेला; चेहरा मात्र जीपचाच राहिला.

लांब झालेल्या मागच्या भागात दोन बाके समोरासमोर असत. मागून चढायचे, गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, मधल्या जागेत पिशव्या, बियाण्याच्या थैल्या, कोंबड्या. खाली लोखंडी पाटे असल्याने प्रत्येक खड्डा पाठीला कळे. पण पाटा तुटला तर तो गावच्या लोहाराकडेही जोडून मिळे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालक वगळता सहाहून अधिक व बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या वाहनाला 'मॅक्सी कॅब' असे नाव दिले. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात, त्या वाहतुकीला विदर्भात रंगावरून 'काळी-पिवळी' हे नाव पडले. यवतमाळ, पांढरकवडा, वणी, दिग्रस, पुसद अशा गावांच्या बसस्थानकांबाहेर उभी असलेली, भरल्याशिवाय न सुटणारी काळी-पिवळी ही १९९० च्या दशकातील ग्रामीण प्रवासाची ओळख होती.

या वाहनाला नियम माहीत होते आणि ते पाळले जात नसत, हेही नोंदवले पाहिजे. बाराच्या जागी वीस माणसे, काही मागच्या पायरीवर, काही टपावर, हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. अपघात झाला की काही दिवस तपासणी कडक होई आणि पुन्हा सैल पडे. एस.टी. महामंडळाच्या दृष्टीने ही वाहतूक अवैध स्पर्धा होती. परंतु ज्या फाट्यावर दिवसातून दोनदा बस येई, तेथील शिक्षक, परिचारिका, बाजाराला निघालेली स्त्री आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी यांच्या दृष्टीने ती एकमेव हमी होती. ऑक्टोबर २०२१ अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस.टी. संपात शासनालाच खासगी वाहनांतून प्रवासी वाहतुकीस परवानगी द्यावी लागली. ज्या व्यवस्थेला एरवी अवैध म्हटले जाते, तिच्यावर ग्रामीण भाग किती अवलंबून आहे, हे त्या सहा महिन्यांत पुन्हा दिसून आले.

या ठिकाणी एक तांत्रिक बाब अधोरेखित करणे आवश्यक आहे. प्रवासी वाहतुकीतील या जीपगाड्या बहुतांशी मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या होत्या. फोर-व्हील ड्राइव्हचा जादा खर्च, वजन आणि इंधन भाडे वाहणाऱ्या मालकाला परवडत नसे. म्हणजे ज्या गुणामुळे जगभर जीप ओळखली जाते, तो गुण भारतीय खेड्यातील जीपने केव्हाच सोडून दिला होता. तिच्यातील टिकाऊपणा, सुटे भाग सर्वत्र मिळणे आणि माणसे मावणे हे तीन गुण तेवढे ठेवले होते. जीपची व्याख्या कोणी करायची, कारखान्याने की वापरणाऱ्याने, असा प्रश्न विचारला तर यवतमाळच्या रस्त्याचे उत्तर स्पष्ट आहे.

आकार एकीकडे, काम दुसरीकडे

२००० मध्ये कंपनीने 'बोलेरो' आणली. आरमाडा या गाडीतून ती विकसित झाली होती आणि चेहऱ्याने ती जीप राहिलेली नव्हती. काचा, दरवाजे, पक्के छत असलेली ती पेटी होती. पंचायत समिती, पोलीस ठाणे, तहसील, प्राथमिक आरोग्य केंद्र, कंत्राटदार, कृषी सेवा केंद्राचा मालक यांच्याकडे हळूहळू बोलेरो आली. २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली व पुढाऱ्यांच्या ताफ्यात तिने जीपची जागा घेतली. विशेष म्हणजे त्या वेळी कोणीही हे जीपचे पुनरागमन आहे, असे म्हटले नाही. जीपची सर्व कामे या गाड्यांनी उचलली, पण स्मरण म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही.

रस्तेही बदलले. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि बारमाही रस्ता हे शासकीय उद्दिष्ट झाले. नागपूर–हैदराबाद महामार्ग जिल्ह्याच्या वडकी, पांढरकवडा, पाटणबोरी या भागातून चौपदरी होऊन गेला. नागपूर–बुटीबोरी–तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेडमार्गे रुंदावला. ज्या चिखलासाठी जीप लागत असे तो चिखल गावच्या वेशीपासून मागे सरकला आणि शेताच्या पांदण रस्त्यावर जाऊन थांबला.

याच दशकाच्या शेवटी, ४ ऑक्टोबर २०१० रोजी, 'थार' हे नाव प्रथम आले. ती वस्तुतः जुन्या एमएम ५५० चाच विस्तार होता. पुढची चाके स्वतंत्रपणे हलणारी, मागे पाटे, नव्या पद्धतीचे १०५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणि मागे तीच समोरासमोरची बाके. ऊन, पाऊस आणि धूळ यांपासून ताडपत्रीचे छत जेवढे वाचवेल तेवढेच संरक्षण. शहरी हौशी चालकांनी तिला उचलून धरले, ग्रामीण ग्राहकांपैकीही काहींनी घेतली. पण रोजची गाडी म्हणून ती गैरसोयीचीच होती. २०१९ पासून लागू झालेले अपघातसुरक्षेचे नियम आणि १ एप्रिल २०२० पासूनचे भारत स्टेज-६ हे प्रदूषणनियम यांत हा जुना सांगाडा बसणे शक्य नव्हते. २०१९ मध्ये ७०० गाड्यांची 'थार ७००' ही अखेरची आवृत्ती काढून कंपनीने सत्तर वर्षांच्या परंपरेची सांगता केली. मारुती कंपनीच्या जिप्सीचे उत्पादनही याच सुमारास थांबले. टिपेश्वर अभयारण्यासारख्या ठिकाणी उघड्या जिप्सीतून वाघ पाहणारा पर्यटक ज्या गाडीत बसतो, ती तेव्हापासून वापरातली, पण न बनणारी गाडी झाली.

२०२० ची थार ही त्यामुळे पहिली खरी पुनरुज्जीवित जीप म्हणता येईल. पूर्वीची कोणतीही आवृत्ती जुन्या सांगाड्याची पुढची पायरी होती. हिच्यात मात्र सांगाडा नवा आणि चेहरा मुद्दाम जुना ठेवलेला. १५० अश्वशक्तीचे पेट्रोल अथवा १३० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, स्वयंचलित गिअरची सोय, स्पर्शपडदा, पक्के छत, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघातचाचणीत तिला चार तारे मिळाले. ज्या वंशातील गाड्यांच्या मागच्या बाकावरून पडून माणसे मेली, त्या वंशासाठी ही मोठी सुधारणा आहे आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु सर्वांत अर्थपूर्ण बदल इंजिनात नव्हे, आसनांत झाला. मागची दोन आसने आता पुढे तोंड करून, पट्ट्यासह होती. गाडी चौघांची झाली. प्रारंभी एका आवृत्तीत समोरासमोरची बाके देऊन सहा जणांची सोय ठेवली होती, ती काही महिन्यांतच बंद झाली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच होते. तथापि, त्या बाकांबरोबर जीपचा सार्वजनिक इतिहास गाडीतून उतरला. अनोळखी माणसे समोरासमोर बसण्याची जागा नाहीशी झाली आणि ते वाहन पूर्णपणे खासगी झाले. जानेवारी २०२३ मध्ये केवळ मागच्या चाकांवर चालणारी, कमी किमतीची थार आली. जुन्या जीपच्या चाहत्यांनी त्यावर नाके मुरडली. वास्तविक काळी-पिवळीने तीच निवड पूर्वी केली होती. फरक एवढाच की, तेथे दोन चाके वगळून आणखी माणसे बसवली गेली. येथे दोन चाके वगळून रूप तेवढे स्वस्त केले गेले.

चेहऱ्याची मालकी

आकाराचे मोल केवढे वाढले, याचे प्रत्यंतर अमेरिकेतील एका खटल्यातून येते. २०१८ मध्ये महिंद्रने मिशिगन राज्यात 'रॉक्सॉर' ही थारवर आधारित, सार्वजनिक रस्त्यांवर न चालवता शेतात व रानात वापरायची गाडी आणली. जीपच्या नावाचे हक्क विलीजकडून कायझर, अमेरिकन मोटर्स, क्रायस्लर असे फिरत फियाट क्रायस्लरकडे आले होते. त्या कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली की, रॉक्सॉरचे रूप जीपच्या रूपाची नक्कल आहे. महिंद्रने २००९ च्या एका कराराचा आधार घेतला. जून २०२० मध्ये आयोगाने महिंद्रच्या विरोधात निर्णय दिला. त्यानंतर समोरचा भाग बदलून नव्याने घडवलेली रॉक्सॉर त्याच वर्षाअखेरीस विक्रीस पात्र ठरली.

येथे न्यायाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी इतिहासाचा प्रश्न उरतो. फियाट क्रायस्लरने जीप स्वतः घडवली नव्हती, ती खरेदीतून मिळवली होती. महिंद्रनेही ती घडवली नव्हती, पण परवान्याने सुरू करून सत्तर वर्षे अखंड बनवली होती. जिने पहिला नमुना दिला ती बँटम कोणाच्याच युक्तिवादात नव्हती. रूप हे कारागिरीचे असते की कागदाचे, याचा निवाडा कागदाच्या बाजूने झाला. ज्या काळात जीप हे फक्त कामाचे वाहन होते त्या काळात तिच्या सपाट बाजूंसाठी कोणी आयोगापर्यंत गेले नव्हते. काम संपल्यावर रूपाला किंमत आली आणि किंमत आल्यावर मालकीचा वाद.

पांदण रस्त्यावर कोण जाते

१४ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची 'थार रॉक्स' बाजारात आली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी नोंदणी सुरू होताच पहिल्या तासात १ लाख ७६ हजार २१८ गाड्यांची मागणी नोंदली गेली, असे कंपनीने जाहीर केले. पाच दारे, आरामशीर मागची आसने आणि डांबरी रस्त्यासाठी सुधारलेली चाल या गोष्टी पाहता, रॉक्स ही जीपच्या चेहऱ्याची कौटुंबिक मोटार आहे. यात वावगे काही नाही. वस्तूंचे अर्थ बदलतात. बैलगाडीतील दमणीही एके काळी प्रतिष्ठेचे वाहन होती, आज ती क्वचित कोठे शोभेसाठी उभी दिसते.

मात्र जाहिरातीतील खडकाळ, चिखलाची वाट आणि यवतमाळातील चिखलाची वाट यांत फरक आहे. इगतपुरीजवळ कंपनीने चिखलात गाडी चालवण्याचे प्रशिक्षण देणारे केंद्र काढले आहे. शुल्क भरून तेथे रुतायला आणि निघायला शिकता येते. जुलैच्या झडीत काळ्या मातीच्या पांदणीत रुतलेली कापसाच्या खताची बंडी काढणाऱ्या शेतकऱ्याला या शुल्काचे नवल वाटेल. त्याच्यासाठी शासनाने पांदण रस्त्यांच्या योजना आखल्या आणि २०२१ मध्ये 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना' या नावाने त्यांची पुनर्रचना केली. शेवटच्या दोन किलोमीटरांचा प्रश्न अजून आहे, याचीच ती शासकीय कबुली होय. १९४५ मध्ये विलीजने शेतकऱ्याला जे वचन दिले होते, ते या जिल्ह्यात जीपने कधीच पुरे केले नाही. ते ट्रॅक्टरने केले. पेरणीपासून बाजारापर्यंत, आणि अडचणीच्या वेळी रुग्णाला डांबरी रस्त्यापर्यंत आणण्यासही, ट्रॅक्टरची ट्रॉलीच उपयोगी पडते.

जीपचा वारसा शोधायचा तर म्हणून तीन वेगवेगळ्या ठिकाणी जावे लागते. तिचा चेहरा थारकडे आहे. तिचे सरकारी काम बोलेरोकडे गेले. तिच्यातील समोरासमोरची बाके काळी-पिवळीकडे होती, आणि काळी-पिवळीचे दिवस दुचाकीच्या प्रसाराने व हप्त्यांवर मिळणाऱ्या मोटारींनी मागे पडत आहेत. पहिल्या दोन वारसांच्या नोंदी कारखान्याच्या दप्तरात आणि शासकीय जडसंग्रह नोंदवहीत सापडतात. तिसऱ्याची नोंद फारशी कोठे नाही. प्रादेशिक परिवहन कार्यालयातील मॅक्सी कॅबचे परवाने, पंचायत समित्यांच्या जुन्या वाहन लॉगबुका आणि तालुक्याच्या गावांतील वयस्क मिस्त्री व चालक यांच्या मुलाखती ही या इतिहासाची साधने आहेत. त्यांतील लॉगबुका तर ठरावीक मुदतीनंतर रद्दीत काढल्या जातात. कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणत्या कामासाठी जीप गेली आणि किती किलोमीटर धावून परतली, एवढी साधी माहिती त्या पानांत असते. जिल्ह्यातील कोणत्या वस्तीपर्यंत शासन कोणत्या वर्षी प्रथम पोहोचले, याचा तितका प्रत्यक्ष पुरावा अन्य कोणत्याही दप्तरात मिळणे कठीण आहे.